आंबट झालेली टाकी

वास सहन होईना म्हणून रेणूला कडेवर घेऊन मी तणतणत जिना उतरले आणि खालीच एका बादलीवर आदळले. शेणकाला थेट माझ्या ओढणीवर!

"सॉरी, सॉरी... लागलं का?" बादलीवाला घाबरून म्हणाला. मी मराठीत पुटपुटत होते, या तेलुगू शहरात उत्तरही मराठीत आलं.

"हा वास तुमच्या टाकीचा ना? माझ्या लेकीच्या खिडकीखाली!"

"हौ, माझ्याच टाकीचा. मी आदर्श. प्लांट मीच चालवतो."

रेणू त्याच्याकडे बघून चक्क हसली. गद्दार पोट्टी!

टाकी म्हणजे जमिनीत पुरलेलं एक बंद पोट. आमच्या कुकटपल्लीच्या सोसायटीचं खरकटं त्यात हवेशिवाय कुजायचं आणि त्याचा गॅस खालच्या पाळणाघराच्या शेगडीला जायचा. रेणूची खिचडी त्यावरच शिजायची. आता ज्योत मलूल, वास मात्र जोमात.

"काय घातलंत तिच्यात?"

"कैऱ्या." त्यानं सुस्कारा सोडला. मे महिना, घरोघरी आवकाय लोणचं. "खराब फोडी, कोयी, ढीगच लागला. मी म्हटलं, थोडं थोडं घालू. सेक्रेटरी प्रतापराव म्हणाले, घाण दिसायला नको, सगळं आजच ढकल."

"आणि तुम्ही ढकललंत? लेकराला एका दिवसात टोपलंभर कैरी भरवाल का? आंबट झालं ना पोट! आता जेवण बंद करून पेज द्यायला हवी."

"ही पेजच आहे... चुना आणि शेणकाला." बादली दाखवत तो म्हणाला, "निम्मी तुम्ही घेतलीत."

हसू आलं होतं. मी येऊ दिलं नाही.

मग रोज सकाळी मी टाकीपाशी जाऊन त्याला झापू लागले. तो ऐकून घ्यायचा, शेगडी पेटवून दाखवायचा. "आज जरा निळी आहे, बघा ना..." रेणूला घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा, पुन्हा धुवायचा. नवऱ्याचं घर सोडल्यापासून मी माणसाचे हातच आधी बघते.

रविवारच्या मीटिंगमध्ये प्रतापराव म्हणाले, "टाकी बुजवा. याच्याच्यानं होत नाही." आदर्श खाली मान घालून गप्प!

माझं डोकंच फिरलं. मी उठले. "कैऱ्या कुणी ढकलायला लावल्या, ते सांगा ना!"

"क्या अम्मा," प्रतापराव म्हणाले, "वासाची तक्रार तुमचीच होती. आता ह्याची बाजू कैकू घेता?"

सगळ्या माना माझ्याकडे. कान तापले.

"तक्रार वासाची होती, माणसाची नाही! चूक तुमची आणि घालवायचं याला?"

प्रतापरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. टाकी वाचली. यापुढे कैऱ्यांचा कचरा रोज एकाच मजल्याचा, असं ठरलं.

बाहेर पडताच मी आदर्शवर घसरले. "तोंडाला कुलूप होतं का? टाकी बुजवली असती तर कुठं गेला असतात?"

"नांदेडला... आईकडे."

"वा! आणि मी सकाळी खाली कुणासाठी उतरायचं?"

बोलून गेले...

"तुम्ही तर... भांडायला येत होतात ना?"

"भांडायला कुणी केस विंचरून, गजरा माळून येतं का?"

"दिसायचा गजरा. म्हणावंसं वाटायचं... पण—"

"तिथंही गप्पच! आता तरी बोला!"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. प्रतापराव दारातच उभे होते. तरी तो बोलला, चांगला मोठ्यानं...

"अनुराधा, मला तुम्ही दोघी हव्या आहात."