नेव्हिलचं जाकीट रुळवताना

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही तो बसू द्यायचा नाही असं मी ठरवलंय. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलं. यात एकही शब्द पदरचा नाही. घालायची वेळच आली नाही.

जागा, लिंकनशायरमधलं आमचं स्कारबी गाव. २०१४चा ऑक्टोबर, दुसरा रविवार. दुपारचे चार.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. स्वयंपाकघरात जेवणानंतरचा भाजलेल्या मांसाचा वास होता, आणि टेबलावर माझ्या मेव्हण्याचं जाकीट पडलं होतं.

नेव्हिल, माझी बहीण हिलरी हिचा नवरा. चोपन्न वर्षांचा, सहा फूट दोन इंच उंच, विमा कंपनीत नोकरीला. आमच्याकडे युद्धातल्या जुन्या धावपट्ट्यांवर आता बीट पिकतं, आणि दर तिसरा माणूस शनिवार-रविवारी १९४३ सालात राहायला जातो. नेव्हिल त्यांतलाच, तसल्या हौशी लोकांच्या मंडळातला. युद्धातल्या बॉम्बर विमानांतले लोक घालायचे तसलं मेंढीच्या कातड्याचं जाकीट त्याने मापं देऊन शिवून घेतलं होतं. आठ महिने वाट पाहून. हुबेहूब नक्कल. या मंडळींना नक्कल अस्सल लागते.

अडचण एकच. नवं कातडं फळीसारखं कडक असतं. ते जाकीट जमिनीवर ठेवलं तर एकटं उभं राहायचं. आणि कोरं जाकीट घालून मंडळात जाणं म्हणजे कोटावरची किमतीची चिठ्ठी न फाडता लग्नाला जाणं. ते रुळवावं लागतं. कसं, यावर मंडळात दोन तट होते. एक गट ते घालून मोटार धुवा म्हणायचा. दुसरा गट पाण्याचं नाव काढलं की बोलणं टाकायचा.

नऊ नोव्हेंबरला युद्धात मेलेल्यांचा स्मृतिदिन होता. धावपट्टीजवळच्या दगडावर फुलांचं कडं ठेवतात. तोवर नेव्हिलला ते रुळलेलं हवं होतं.

म्हणून त्याने स्वतःची युक्ती काढली.

मंडळाची एक शेड आहे. तिथे एका बॉम्बरचं शेपूट जोडायचं काम चालू आहे. विमानाच्या अगदी टोकाला, मशीनगन चालवणाऱ्यासाठी काचेची एक कुपी असते. माणूस गुडघे पोटाशी घेऊन, मागे तोंड करून बसतो. विमानातले बाकीचे सहा जण दूर, पुढे. शेडमधलं बाकी सगळं नवं घडवलेलं. कुपी मात्र खरी. एका शेतकऱ्याने तिच्यात साठ वर्षं टोमॅटो लावले होते.

जाकीट ज्या जागेसाठी शिवलंय त्या जागेत बसलं की ते तसंच वाकेल, असा नेव्हिलचा हिशेब. सप्टेंबरपासून तो रोज ऑफिस सुटल्यावर दोन तास कुपीत बसायचा.

एकटा.

मंडळाचा नियम वेगळा होता. कुपीत बसणाऱ्याला पुढून कुणीतरी दर पंधरा मिनिटांनी हाक मारायची, आणि त्याने मागून उत्तर द्यायचं. युद्धात वैमानिक तसंच करायचा. शेड सांभाळणारे म्हातारे बर्नार्ड हा नियम फार पाळायचे. आम्हाला ते नाटक वाटायचं.

तर, तो रविवार. हिलरीने मला फोन करून बोलावलं होतं. म्हणाली, एक गोष्ट दाखवते, पण हसायचं नाही.

हिलरी मंडळातल्या बायकांचे जुन्या धाटणीचे फ्रॉक शिवते. तिने टेप काढली. बाहीवर ठेवली.

"नेव्हिलचं कोपर इथे येतं," ती म्हणाली. "आणि मोड बघ कुठे पडलाय."

मोड चांगला चार बोटं वर होता. खोल, मऊ, वर्षानुवर्षांचा असावा तसा. दुसऱ्या बाहीलाही तेच. पाठीवरच्या सुरकुत्याही खांद्यांपासून चुकीच्या जागी सुरू होत होत्या.

"हे साडेपाच फुटी माणसाच्या अंगावर रुळलंय, मॉरिस."

मी म्हणालो, कातडं निकृष्ट असेल.

खिडकीतून नेव्हिल दिसत होता. बागेत, नुसत्या सदऱ्यात, पानं गोळा करत.

आणि तेवढ्यात...

कुर्र्र...

टेबलावरचं कातडं कुरकुरलं. डावीकडून. थांबलं.

मग उजवीकडून.

खुर्चीत बसलेला माणूस हळूहळू एका बाजूला वळून पाहतो, मग दुसऱ्या... तसं.

नव्या कातड्याला मेंढीचा उग्र वास असतो. मी वाकून हुंगलं. वास नव्हता. कसलाच नव्हता. आत लोकरीत हात घातला.

लोकर गरम होती.

नेव्हिलने जाकीट काढून चार तास झाले होते.

"हसला नाहीस," हिलरी म्हणाली.

"तूच नको म्हणाली होतीस."

त्यानंतर कुठलाही सुशिक्षित माणूस करील तेच मी केलं. कुणाला काही बोललो नाही. आठवड्याने मात्र हिलरीच्या सांगण्यावरून ते जाकीट गुपचूप गाडीत टाकलं आणि माझ्या घरी आणलं.

संध्याकाळी सहाला तिचा फोन. नेव्हिलचे ओठ निळे पडले होते. खोलीत दोन हीटर, अंगावर तीन रजया, आणि दात वाजत होते. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, रक्तदाब उत्तम. उबदार कपडे घाला, असा सल्ला देऊन गेले.

जाकीट मीच परत नेलं. बाह्या मीच धरल्या. चेन मीच ओढली, गळ्यापर्यंत.

दोन मिनिटांत त्याच्या गालांवर रंग आला.

कोपरं मात्र त्या दिवसापासून सरळ झाली नाहीत. मोड जिथे होते तिथे त्याचे हात वाकायला लागले. जाकीट त्याच्या अंगात बसलं नाही... तो जाकिटात बसला.

स्मृतिदिनाला सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. अगदी खरा वाटतोस, म्हणाले. बर्नार्डनी मात्र नाही. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "शेडमध्ये याला हाक कोण मारत होतं?"

"कुणी नाही. एकटाच बसायचा."

"मी कुलूप लावायला यायचो तेव्हा हा आतून उत्तरं द्यायचा, पोरा," ते म्हणाले. "मला वाटलं, पुढे तू आहेस."

ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस मग माझ्याशी परत कधी नीट बोलला नाही.

डिसेंबरपासून नेव्हिल मागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, गुडघे जवळ घेऊन बसायला लागला. ऑफिसने रजा दिली. दोन विशेषज्ञांनी दोन वेगवेगळी नावं दिली. औषध एकच. त्याला त्रास एकाच गोष्टीचा होता.

"पुढचे कुणी बोलत नाहीत गं," तो हिलरीला म्हणायचा. "मला एकट्यालाच मागे ठेवलंय."

म्हणून हिलरी हाक मारायला लागली. केकसाठीचं घड्याळ लावून, दर पंधरा मिनिटांनी.

"मागे ठीक आहे ना?"

"मागे ठीक."

हाक चुकली की तो खिडकीची कडी चाचपायचा. बाहेर पडायला. म्हणून ती चुकवायची नाही. बटाटे उकडताना, फोनवर बोलताना, पीठ माखल्या हातांनी दारात उभी राहून. एकोणतीस वर्षांच्या संसारात एवढं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं, असं ती एकदा म्हणाली. मला हसू आलं. मग आलं नाही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. घड्याळ माझ्या ताब्यात. मी चहा करत होतो आणि दोन मिनिटं उशीर झाला. धावत दाराशी गेलो...

आतून नेव्हिलचा आवाज आला.

"मागे ठीक."

कुणीच विचारलं नव्हतं.

मी मुद्दाम पुढची हाक मारली नाही. दारातच उभा राहिलो. पंधरा मिनिटं झाली. नेव्हिलने मान किंचित तिरकी केली. ऐकत होता. एक लहानसा विराम... मान हलली. दुसरा विराम... मान हलली.

सहा वेळा.

मग, पाळी आल्यासारखा, "मागे ठीक."

तो हसत होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मी हिलरीला सांगितलं. गाल सुजलेला, तोंड अर्धं बधिर, ती जिन्यावर बसली.

"म्हणजे आता माझी हाक त्याला नको," ती म्हणाली.

ती अजून मारते. तो तिला उत्तर देत नाही. त्यांना देतो.

परवा मी त्याला सूप भरवत होतो. त्याने शांतपणे, चष्मा शोधतोय अशा सुरात विचारलं, "मॉरिस, माझं पॅराशूट कुणी हलवलं का रे?"

त्या कुपीत पॅराशूट मावायचं नाही. ते बसणाऱ्याच्या पाठीमागच्या दाराबाहेर, विमानात हुकाला टांगलेलं असायचं.

हिलरी उंबऱ्यात उभी होती. तिने मान हलवली. सांग म्हणून, की नको सांगू म्हणून, मला कळलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "दाराबाहेरच आहे. हुकाला."

"बरं झालं. पुढचे म्हणतायत, लागणार आहे."

दाराबाहेर हिलरीचा रेनकोट आहे. बाकी काही नाही.

कधी लागणार, हे विचारायला हवं. रोज सकाळी आम्ही तसं ठरवतो. मग त्याच्या खोलीत जातो, त्याची तिरकी मान बघतो... आणि विचारत नाही.