पाच नंबरची खोली

असोदा रस्त्यावरच्या केळी पिकवणी केंद्रात दिपमालाने पाच नंबरच्या रिकाम्या खोलीचं जाड दार लावलं, गारवा सुरू केला... आणि आतून धाडधाड थापा!

दार उघडलं. आत शिडीवर एकजण, हातात वायर.

"मॅडम, मला नका पिकवू. मी अजून कच्चा आहे!"

हा योगेंद्र, नरडाण्याचा. आठही खोल्यांचे थर्मोस्टॅट एका वायरने जोडून ऑफिसातल्या तिच्या कॉम्प्युटरवर आणायचं काम त्याचं. एकेक खोली जोडली की तो तिथून ओरडायचा, "दिसलो का?"

"तुम्ही नाही. अठरा डिग्री दिसले!"

चार दिवसांत काम संपलं. हेल्मेट हातात घेऊन तो दारात घुटमळला. "काही अडलं तर—"

"करीन फोन."

गेला. तिला मात्र करमेना. मोबाइल उचलायची, ठेवायची. काहीच अडत नव्हतं, हेच तर अडलं होतं!

प्रत्येक थर्मोस्टॅटला वेगळा नंबर लागतो, तो कसा द्यायचा हे त्यानेच शिकवलेलं. गुरुवारी तिने सहाव्या खोलीतल्याला मुद्दाम पाचव्या खोलीचाच नंबर दिला. दोन्ही खोल्या रिकाम्या, माल सोमवारी यायचा. पडद्यावर आकडे उड्या मारू लागले. मग फोन.

"पाच-सहा नीट दिसत नाहीत हो..."

पलीकडे गाडीची किल्ली खुळखुळली. मग, "येतो."

आता जीव थाऱ्यावर राहीना. दुसऱ्याच कुणाला पाठवलं तर? आणि तोच आला, त्याने ओळखलं तर? काय म्हणेल... खोटारडी?

"काय व माय, कवयनी फाटककडे देखी राह्यनी?" वॉचमन चिंधाआबा हसले.

"कधीची कुठे, आबा? आत्ताच तर बघितलं फाटकाकडे!"

दुपारी तो आला. पापण्यांवर धूळ. कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ सहा नंबरच्या खोलीत शिरला, दोन बटणं दाबली. झालं.

"नंबर आपोआप बदलत नाही, दिपमाला."

मॅडम नाही... दिपमाला. तिचे कान तापले. "चुकलं माझं. रागावलात?"

"मला फोनवरच कळलं होतं. दोन मिनिटांत सांगता आलं असतं."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"तुमच्याकडे निदान बटण तरी होतं. मी तीन दिवस नुसता बहाणा शोधत होतो." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "रविवारी... आईला घेऊन येऊ? तुमच्या घरी?"

तिने मान वर केली.

"असोद्यात उतरलात की शाळेच्या मागे, उजव्या हाताला तिसरं घर. निळा दरवाजा." आणि घाईघाईने— "सकाळीच या."