हाताची घडी, तोंडावर बोट

ती खुर्ची खरं तर त्याची नव्हतीच. तिच्याकडून काम समजून घ्यायला दुसराच माणूस ठरला होता. तो तापाने फणफणला आणि साहेबांनी समोर दिसला त्याला धरलं. "ए ढापण्या, जा, हिच्या शेजारी बस."

जाड भिंगांचा चष्मा सावरत तो बसला. बाहेर सकाळपासून पावसाची पिरपिर, आत ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड. आणि शेजारी ती... नोकरी सोडून निघालेली. गावाकडे घरी आई पडली होती, खुबा मोडला होता, जवळ कुणी नव्हतं. नवी नोकरी तिकडेच मिळाली होती. पण काम पुरतं सोपवलं असं शेजारी बसून शिकणाऱ्याने सिस्टिमवर नोंदवल्याशिवाय साहेब तिला सोडणार नव्हते.

"नियम माहितीये ना?" ती म्हणाली. "मी सगळं लिहून ठेवलंय. कुठली कमांड कधी द्यायची, कोडचे नेहमी लागणारे तुकडे, सर्व्हर झोपला तर उठवायचा कसा. तुम्ही नुसतं वाचून करायचं. मी हाताची घडी, तोंडावर बोट. तुम्ही अडलात तर माझं लिहिणं कच्चं. ते मी दुरुस्त करणार."

"आणि नाहीच अडलो तर?"

"तर मी सुटले!"

ते 'सुटले' त्याला उगाचच लागलं.

त्याला शिकवायला कधी कुणी नव्हतं. लोकांच्या असल्याच नोंदी वाचून वाचून तो कोड शिकला होता. बहुतेकांच्या नोंदी म्हणजे, 'हे चालतंय, हात लावू नका'. हिने मात्र एका कमांडखाली लिहिलं होतं: 'अट घालायला विसरलात तर सगळा डेटा उडेल. माझा उडाला होता. बाथरूममध्ये जाऊन रडले.'

तो फिसकन हसला. तिने तोंडावरचं बोट न काढता डोळे वटारले.

झालं! त्या डोळ्यांनी घात केला.

"अडलो," तो म्हणाला.

"कुठे?"

"लॉग फाइलच्या नुसत्या शेवटच्या ओळी कशा बघायच्या?"

ती बघतच राहिली. मग पुढे वाकून टाइप करायला लागली. तिच्या ओल्या ओढणीला पावसाचा वास होता. "एवढंही येत नाही?"

"आपलं आपण शिकलोय ना. मध्ये मध्ये भोकं राहिलीत."

"भोकं कसली? चाळण आहे नुसती!"

मग काय, तो रोजच अडायला लागला. तुम्हीचं तू झालं. नोंदी फुगत गेल्या, काम पुढे सरकेना. साहेब येता-जाता तिला विचारायचे, "अजून झालं नाही?" आणि ती मान खाली घालायची. त्याला वाईट वाटायचं. पण तिने वाकून टाइप करायला घेतलं, की विसरायचा.

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. ती खिडकीशी गेली.

"येते गं आई. एकच माणूस राहिलाय... जरा हळू कळतं त्याला. नाही गं, चांगला आहे. पण तू एकटी उठू नकोस हं. शेजारच्या काकू नाही आल्या? मग... पडून राहा ना थोडं. रडू नकोस गं, येते मी."

 आपण कुणाच्या वाटेत बसलोय ते त्याला आत्ता दिसलं.

ती परत येईपर्यंत त्याने धडाधड सगळं करून टाकलं. कुठेही न अडता. मग 'काम सोपवून पूर्ण' वर क्लिक केलं.

तिने स्क्रीन पाहिली. 

"मी मुद्दाम अडत होतो," तो म्हणाला. "सॉरी... आई तिकडे एकटी, आणि मी इथे..."

"पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही थांबायचं होतं." तिने बॅगेची चेन ओढली. ती नीट लागेना. "आईला फोनवर सांगायचे, काम संपत नाही. कसली मुलगी मी..."

पाऊस काचेवरून ओघळत होता.

"ए," तो म्हणाला, "अडलो."

"आता कुठे?"

"आता खरंच. तू गेल्यावर काय करायचं... ते कुठेच लिहिलेलं नाहीये."

सवयीने तिचं बोट ओठांवर गेलं. तिथेच राहिलं.

"ते मलाही येत नाही रे," ती म्हणाली आणि निघाली.

साहेब आले, त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास ढापण्या! उद्यापासून ही जागा तुझी."