रविवारचा सारंग

रविवार उजाडला की सारंग आवटीला बोलता येत नसे. आदल्याच दिवशी सांगलीच्या न्यायालयात साक्षीदाराला घाम फोडणारा हा वकील सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही, गॅसवरच्या पातेल्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, "रेवा, ते... ती छत्री..."

"चहा," रेवती सांगे.

"चहा." तो लाजल्यासारखा हसे. कप रिकामा होईपर्यंत शब्द पुन्हा गेलेला असे.

सोमवारी त्याच पलंगावरून तोच देह उठे, आरशासमोर गळ्यातले वकिली पांढरे बँड नीट करी आणि आतूनच ओरडे, "आज चहात आलं नाही घातलंस का गं?" रविवारचा एक क्षणही त्याला ठाऊक नसे.

शेजाऱ्यांना याची सवय झाली होती. द्विमनाची शस्त्रक्रिया झालेली माणसं आता गावोगाव होती, आणि आवटी वकिलांना रविवारी भेटायला जायचं नाही एवढं सगळ्यांना कळत होतं.

सारंगला सत्तेचाळिसाव्या वर्षी शब्दक्षय झाला. या रोगात आठवणी शाबूत राहतात, माणसं ओळखू येतात, पण मेंदूतला शब्दांचा साठा एका कडेने झिजत जातो. वकिलासाठी याहून क्रूर दुखणं सापडणं अवघड. मिरजेच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. शबाना मुजावर यांनी तेव्हा नवरा-बायकोला समोर बसवून उपाय समजावला होता.

"जुन्या संगणकात लोक दोन डिस्क बसवायचे, आठवतं? प्रत्येक डिस्कवर वेगळी कार्यप्रणाली. यंत्र एकच, पडदा एकच, पण सुरू करताना दोन्हींतली एकच निवडायची. आम्ही तेच करतो. आज सारंगरावांचं मन जसं आहे तसं नोंदवून घ्यायचं आणि कवटीत कानामागे बसवलेल्या साठ्यावर चढवायचं. याला आम्ही जोडमन म्हणतो. मेंदूतलं राहतं ते मूळमन. उशाशी एक छोटं यंत्र असतं, जागकळ. झोपताना तुम्ही ठरवायचं, सकाळी कोणी उठायचं."

"दोन्ही एकाच ठिकाणी नाही का ठेवता येणार?" रेवतीने विचारलं. "म्हणजे त्यालाही सगळं आठवेल, यालाही."

"सुरुवातीला तसंच करत होतो. रोग मूळमनातून जोडमनात शिरला आणि दोन्ही बुडाली. म्हणून आता साठे पूर्ण वेगळे. याचं त्याला दिसत नाही, त्याचं याला नाही. त्यातच सुरक्षितता आहे."

कायद्याने एक अट घातली होती. मूळमन हाच खरा नागरिक, त्यामुळे त्याला आठवड्यातून एक दिवस जागं करायलाच हवं. न वापरलेल्या मेंदूच्या पेशी वाळत जातात, हे त्यामागचं शास्त्रीय कारण. रेवतीने रविवार निवडला.

नोंद झाली. साठा तयार करून बसवायला मात्र वर्ष लागलं, आणि त्याच वर्षात त्यांची नऊ वर्षांची शाल्मली तापाने गेली.

शस्त्रक्रियेनंतर जोडमन पहिल्यांदा जागं झालं तेव्हा सारंगने डोळे उघडून विचारलं, "शामू शाळेत गेली?" त्याच्यासाठी ते गेलेलं वर्ष झालंच नव्हतं. रेवतीने त्याला सांगितलं. तो खूप रडला, दोन दिवस जेवला नाही. पण ते दुःख ऐकीव होतं. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर तो उभा नव्हता. पोरीचा हात गार होत गेला तेव्हा तो हात त्याच्या हातात नव्हता. काही महिन्यांत तो सावरला, कामाला लागला, पुन्हा घरात जोरजोराने हसू लागला. रेवतीला त्याचा राग यायचा आणि त्याच हसण्याचा आधारही वाटायचा.

रविवारच्या सारंगला सगळं आठवत होतं. शाल्मलीचं नाव त्याच्या जिभेवर येत नसे. तो हात कमरेच्या थोडा वर धरी, तिच्या डोक्याच्या उंचीवर, आणि रेवतीकडे बघे. मग दोघं तिच्या खोलीत जाऊन बसत. तो तिची वॉटरकलरची पेटी उघडून एकेका वडीला बोट लावी. कोरडी निळी वडी बोटाला लागली की हुंदका फुटे. दुपार तशीच जाई. सोमवारी रेवतीचं अंग ठेचल्यासारखं दुखत असे.

हे असंच चाललं असतं. पण रविवारच्या सारंगला एक गोष्ट उमगली. संध्याकाळी दाढी केलेली नसताना तो झोपे आणि उठे तेव्हा गाल गुळगुळीत असत. नखं कापलेली असत. कॅलेंडरावर नेहमी रविवारच असे. शब्द गेले होते, वकिलाची बुद्धी गेली नव्हती. एका संध्याकाळी त्याने जागकळ उचलून रेवतीसमोर धरली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून मान टाकली. मग डोळे उघडून जोरजोराने नकारार्थी मान हलवली.

त्याला झोपायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो दिवस मावळल्यापासून येरझाऱ्या घालू लागला. खिडकीचे गज धरून उभा राहिला. रेवतीने जवळ घेतलं, समजावलं, शेवटी डॉक्टरांनी दिलेली गोळी दुधात विरघळवून पेला त्याच्या हातात दिला. तो विश्वासाने प्यायला. त्यानंतर दर रविवारी तिला ते करावं लागलं. काही आठवड्यांनी तो पेला हातात घेऊन आधी तिच्याकडे बराच वेळ बघू लागला, आणि मग पिऊ लागला.

एका मंगळवारी जेवताना सारंगने विषय काढला.

"सरकारच्या द्विमन मंडळाकडे अर्ज करू या. मूळमन कायमचं बंद करायची परवानगी मिळते आता. त्याला जगायची इच्छा नाही किंवा ती सांगता येत नाही, एवढं सिद्ध झालं की पुरे."

"तू स्वतःलाच बंद करायला निघालायस."

"तो मी नाहीये, रेवा."

"मग कोण आहे?"

"ते माझं दुखणं आहे." त्याने भाकरीचा तुकडा तसाच ठेवला. "तुझ्याकडे बघ जरा. रविवार जवळ आला की तुझा चेहरा काळवंडतो. काय करतो तो तुला?"

"काही करत नाही. शामूची आठवण काढतो."

"मी नाही काढत?"

रेवतीने त्याच्या ताटात आमटी वाढली. वाईट म्हणजे, त्याचं बोलणं तिला पटू लागलं होतं.

ती एकटी डॉ. मुजावरांना भेटून आली.

"बंद करतात म्हणजे पुसून टाकतात?"

"नाही. फक्त पुन्हा कधी जागं करत नाहीत. पेशी वाळत जातात. वर्ष, दोन वर्षं."

"तोवर त्याला कळतं का काही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते आम्हाला मोजता येत नाही. मोजता येत असतं तर कदाचित हा कायदा झालाच नसता."

सुनावणी रविवारीच ठेवावी लागली. मूळमनाला स्वतःचं म्हणणं मांडू द्यायचं, असा नियम होता. जोडमनाच्या सारंगने आपला युक्तिवाद आदल्या दिवशी नोंदवून ठेवला होता. पडद्यावर तो स्पष्ट, ऋजू आवाजात बोलत होता. जो आपली इच्छा मांडू शकत नाही त्याला इच्छा आहे असं गृहीत धरणं हीच क्रूरता, असं सांगत होता. समोरच्या खुर्चीत बसून रविवारचा सारंग स्वतःलाच ऐकत होता. मध्येच एका चांगल्या मुद्द्यावर त्याने नकळत मान डोलावली. जुनी सवय.

पडदा बंद झाल्यावर अध्यक्षबाई सौम्यपणे म्हणाल्या, "आवटी, तुम्हाला यापुढे जागं व्हायचं आहे का?"

तो उठून उभा राहिला. कोट सारखा केला. तोंड उघडलं.

"पाणी," तो म्हणाला.

स्वतःचा शब्द ऐकून तो दचकला. जोराने मान हलवून पुन्हा सुरुवात केली. "पाणी... पाणी ते..." कपाळावर घाम आला. त्याने रेवतीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. मग हात कमरेच्या थोडा वर, हवेत, तळवा खाली करून धरला आणि तसाच धरून ठेवला.

"काय म्हणताहेत ते?" अध्यक्षबाईंनी रेवतीला विचारलं. "तुम्ही पत्नी आहात. तुमचा अर्थ आम्ही ग्राह्य धरू."

तो काय म्हणत होता ते रेवतीला लख्ख कळलं होतं. मी गेलो तर शामूच्या खोलीत तुझ्याबरोबर कोण बसेल, असं तो विचारत होता. तिला ती निळी वडी दिसली, दुधाचा पेला दिसला, पुढचे सगळे रविवार एकामागोमाग एक दिसले. तिला फक्त एकदा, एकच आठवडा, रडल्याशिवाय काढायचा होता.

"त्यांना पाणी हवंय," ती म्हणाली.

शिपायाने पेला आणून दिला. सारंगने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हवेतला हात हळूहळू खाली आला. त्या हाताने त्याने पेला घेतला आणि तिच्यावरची नजर न हटवता सगळं पाणी पिऊन टाकलं.

मंडळाने परवानगी दिली. त्या संध्याकाळी तिने दूध पुढे केलं तेव्हा तो खिडकीशी गेला नाही. प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी सारंगने उठताच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही."

त्याने मोठा श्वास सोडला आणि तिला मिठी मारली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तीच होती. कोणाच्या घरी कळवायचं नव्हतं, दहावं करायचं नव्हतं. गेलेला माणूस तिला थोपटत होता. पुढे कधी शाल्मलीच्या खोलीत ती रडताना दिसली की सारंग येई, समजुतीचं बोले, पाणी आणून देई. चांगला माणूस होता तो. भेटायला आलेला पाहुणा जसा दुःखाच्या बाहेर खुर्ची ओढून बसतो, तसा बसे.

सुनावणीतला त्याचा युक्तिवाद गाजला. इतर द्विमनवाले त्याच्याकडे येऊ लागले. वर्षभरात या दाव्यांतला तो सगळ्यात नावाजलेला वकील झाला. एकही दावा तो हरला नव्हता. रविवारी आता पक्षकार घरी येत.

अशाच एका रविवारी बाहेरच्या खोलीत साठीची एक बाई पदराचं टोक पिळत बसली होती. सारंग आत फोनवर होता. रेवतीने तिच्यासमोर चहा ठेवला.

"तुमच्याही घरी हेच होतं म्हणे," बाई हळूच म्हणाली. "मला रात्रंदिवस वाटतं, आमच्या ह्यांना जगायचंय. नुसतं बघतात हो माझ्याकडे."

आतून सारंगचं हसणं ऐकू आलं. रेवती बाईच्या शेजारी बसली.

"बोलता येतं का त्यांना?" तिने विचारलं.

"नाही. एक शब्दही नाही."

"मग काही अडचण येणार नाही," रेवती म्हणाली आणि तिने बशी बाईच्या हाताजवळ सरकवली.