उजवी पापणी

पाऊस आला तशी थोरलीने अंगातला रेनकोट काढला आणि अंड्यांना घातला.

दीडशेतल्या शेवटच्या तीस अंड्यांचा ट्रे सायकलच्या कॅरिअरला बांधलेला, त्यावर रेनकोट चारही बाजूंनी नीट खोचलेला, आणि ती स्वतः डोक्यापासून टाचेपर्यंत निथळत औषधांच्या दुकानाच्या छपराखाली येऊन उभी राहिली. नाहीतरी तिला इथेच यायचं होतं. अप्पांच्या डोळ्यांचे थेंब न्यायचे होते.

काउंटरमागे नेहमीच्या मावशी नव्हत्या. त्यांच्या जागी एक उंच, चष्मेवाला तरुण होता आणि तो आळीपाळीने तिच्याकडे आणि ट्रेकडे बघत होता.

"काहीतरी उलटं झालंय का?" त्याने विचारलं. "नाही म्हणजे... रेनकोट तुम्ही घालायचा असतो ना?"

"मी भिजले तर वाळेन. ही भिजली तर पिल्लं व्हायची नाहीत."

"अंडी भिजून काय होतं?"

"कवचाला बारीक भोकं असतात. पाणी आत गेलं की त्याच्याबरोबर घाणही जाते." आपण एका अनोळखी माणसाची शिकवणी घेतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "थेंब द्या. लवकर."

त्याने थेंब दिले आणि मागाहून एक कोरडा नॅपकिनही पुढे केला. तिने तो घेतला आणि ट्रेच्या कडा पुसल्या. मग नॅपकिन परत केला, "थँक्यू" म्हणाली आणि पाऊस ओसरताच निघून गेली. तो माणूस त्याच क्षणी कामातून गेला होता. पण हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

घरामागच्या शेडमध्ये अप्पांचं उबवणीचं मशीन होतं. कपाटाएवढं, काचेच्या दाराचं. तीस वर्षं त्यात अंडी उबत होती आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघत होती. मशीनवरचा उष्णतेचा काटा कधीच अडकून बसला होता, पण अप्पांना त्याची फिकीर नव्हती. ते अंडं उचलायचे, मिटलेल्या उजव्या पापणीला लावायचे आणि सांगायचे, ठीक आहे किंवा बटण जरा खाली घे. डाव्या पापणीला काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि नेमकं उजव्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर डोळ्याला काहीही लावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं.

"ही बॅच तू काढ," अप्पा थोरलीला म्हणाले होते. "निघाली तर मशीन तुझं. नाही निघाली, तर शेजारच्या गावचा तो माणूस मागतोच आहे, त्याला देऊन टाकतो. मला आता झेपत नाही."

धाकटी लग्न होऊन गेली होती, तरी थोरलीला सगळे थोरलीच म्हणत. तिला दुसरं काही नको होतं, हे मशीन हवं होतं. पिल्लाने आतून पहिली चोच मारली की ती अजूनही हातातलं काम टाकून धावायची.

थेंबांची एक बाटली महिनाभर पुरते. तरी औषधवाला दर दोन दिवसांनी घरी यायला लागला. कधी कापूस घेऊन, कधी अप्पांचा डोळा लाल तर नाही ना, ते बघायला.

"किती काळजी घेता हो पेशंटची," सातव्या दिवशी ती म्हणाली.

"मावशीची शिकवण आहे."

"मावशी कधी आल्या नाहीत त्या कापूस घेऊन."

त्याचे कान लाल झाले. तिला हसू आलं, आणि दयाही आली. "या, एक गंमत दाखवते," म्हणत तिने शेडची खिडकी लावली आणि बॅटरीच्या उजेडावर एक अंडं धरलं. कवच आतून केशरी उजळलं. लाल रेषांचं जाळं, आणि मधोमध एक ठिपका... धडधडणारा.

"हे... हृदय आहे?" तो कुजबुजला.

"हो. हळू बोलायची गरज नाही, त्याला ऐकू येत नाही अजून."

पण मग तीही हळूच बोलायला लागली. "डोळे मिटा," म्हणाली. त्याने चष्मा काढला, डोळे मिटले. तिने अंडं त्याच्या उजव्या पापणीला टेकवलं. "काय वाटतं?"

"काहीच नाही. ना गरम, ना गार."

"बस्स. तेवढंच बरोबर असतं."

डोळे उघडल्यावर तो बराच वेळ चष्मा घालायचा विसरला होता.

मग पाऊस लागूनच राहिला. खाद्याच्या पोत्यांवर ताडपत्री ओढायला ती भर पावसात चारदा धावली. सतराव्या दिवशी सकाळी तिने अंडं पापणीला लावलं तर ते गार लागलं. तिने बटण थोडं वर केलं. दुपारी पुन्हा गार. पुन्हा वर. मशीन बिघडलं की काय?

औषधवाला आला तेव्हा ती तिसऱ्यांदा बटणाला हात घालत होती. त्याने आता सवयीने एक अंडं उचललं, पापणीला लावलं आणि दचकला.

"हे गरम आहे."

"गार आहे."

"अहो, चटका बसतोय!"

"दहा दिवसांत तुला जास्त कळायला लागलं का रे? मी लहानपणापासून करतेय हे!"

तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघून गेला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. मग त्याने काही न विचारता तिचं मनगट धरलं.

"तू तापलीयेस," तो म्हणाला.

कुणाकडे तरी पोचवायचा नवा थर्मामीटर त्याच्या पिशवीत होता. त्याने तो तिच्या जिभेखाली ठेवला. एकशे तीन. मग पुसून, झटकून दोन अंड्यांच्या मध्ये खुपसला. एकशे तीन.

थोरलीला तेव्हा उमगलं. अंडी गार नव्हतीच. तिचीच पापणी तापली होती. "मी मारली त्यांना," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

"नंतर रड. आधी सांग, काय करू?"

तिने सांगितलं, त्याने केलं. बटण खाली, दारं सताड उघडी, कोमट पाण्याचा हलका फवारा. तो पेपरने वारा घालत राहिला आणि ती भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. अर्ध्या तासाने त्याने अंडं पापणीला लावलं. "ना गरम, ना गार," तो म्हणाला. त्या क्षणी तो तिला इतका आवडला, की ताप होता म्हणून बरं... चेहरा कशाने लाल झालाय ते कुणी विचारलं नसतं.

"अप्पांना सांगू नकोस," ती एवढंच म्हणाली.

ताप उतरेपर्यंत तो दिवसातून तीनदा आला. थेंब, कापूस, कशाचंही निमित्त न करता.

पिल्लं विसाव्या दिवशीच निघाली, एक दिवस आधी. दीडशे अंड्यांतून एकशे सहा. थोरली एकेक वाळलेलं पिल्लू उचलून ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या, दिव्याखाली सोडत होती आणि औषधवाला तिच्या शेजारी बसून प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवत होता. पाणी कसं प्यायचं ते पिल्लांना एकदा दाखवावं लागतं. एकाने घोट घेतला, मान वर केली आणि त्याच्या बोटावर शिटलं.

"ओळख झाली म्हणायची," तो म्हणाला.

तेवढ्यात दारात अप्पा उभे राहिले. त्यांनी पिल्लं बघितली, न फुटलेली अंडी बघितली.

"एक दिवस आधी," ते सावकाश म्हणाले. "उष्णता वाढली होती. बटण कुणी फिरवलं?"

"मी," औषधवाला म्हणाला. "कुतूहल म्हणून... चुकून. तिला माहीत नव्हतं."

गप्प बसलं असतं तर मशीन थोरलीचं होतं. तिने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. तो चोच बुडवण्यात गर्क असल्याचं सोंग करत होता.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "मी फिरवलं, अप्पा. मला ताप होता, ते मला कळलंच नाही. याने सांगितलं तर याच्यावरच ओरडले. याच्यामुळे एवढी तरी वाचली." तिने हातातलं पिल्लू दिव्याखाली ठेवलं. "मशीन द्यायचं तर देऊन टाका. पण याचं नाव मध्ये नको."

अप्पा पोत्यावर टेकले.

"पहिल्या बॅचला मला दीडशेतली अकरा मिळाली होती," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी सांगितलं, अंडीच वाईट होती. बिचारी शेवटपर्यंत अंडीवाल्याला शिव्या देत राहिली." ते खुदकन हसले. "उद्या शेजारच्या गावचा तो माणूस मशीन मागायला आला की त्याला चहा पाज आणि परत पाठव. मशीन तुझं आहे, तुझं तूच सांग त्याला."

थोरलीने मशीनच्या काचेवर हात ठेवला.

"आणि तू रे," अप्पा औषधवाल्याकडे वळले. "त्या बटणाला आम्हा दोघांशिवाय कुणी हात लावलेला नाही. धाकटीच्या नवऱ्यालाही मी लावू दिला नाही. हिने तुला ते फिरवू दिलं असतं, तर मला लग्नाच्या तयारीला लागावं लागलं असतं. आता तू हिच्यासाठी खोटं बोललास." ते उठले. "तरी तयारी तीच."

आणि ते घरात निघून गेले.

दोघंही खाली मान घालून बसली. औषधवाल्याने त्याच पिल्लाची चोच दुसऱ्यांदा पाण्यात बुडवली, मग तिसऱ्यांदा.

"बुडवून मारशील त्याला," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून पिल्लू काढून घेतलं. हात मात्र तिथेच राहू दिला.

"मी खोटं का बोललो... ते विचारणार नाहीस?"

"कशाला? मला माहीत आहे."

"मग झालं तर."

"झालं कुठे? माहीत असलं तरी सांग."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोनदा घसा खाकरला. ती हलली नाही, हसलीही नाही. तिला ते खरोखरच ऐकायचं होतं.

आणि त्याने सांगितलं.