सुईला आठ दिवस सुट्टी

"आत्या, हे काय आहे?"

भाच्याच्या हातात आपला पासपोर्ट पाहिला आणि आत्याने तो घ्यायला झटकन हात पुढे केला. शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली तिने तीन महिने जपलेलं गुपित... आज कात्री शोधताना नेमकं त्याच्या हाती लागलं होतं. परदेशात, एकटीने, पंधरा दिवस! साठीला टेकलेल्या बाईला हे सुचलंच कसं, असं तो म्हणणार, याचा तिने पहिल्या दिवसापासून धसका घेतला होता. म्हणून तर विमानाची वेळसुद्धा तिने वहीत कुणाच्याशा कोटाच्या मापाखाली टिपून ठेवली होती.

"आम्हाला सांगावंसंही वाटलं नाही? आमचं काही चुकलं का?" त्याचा आवाज चढला. "दोन दिवस मशीन बंद आहे, म्हणून मी आपला समजतोय की तुला बरं नाही."

मशीन बंद होतं त्याचं कारण निराळंच होतं. परवा व्हिसाच्या कचेरीत तिने काचेवर बोटं टेकवली आणि यंत्राचा दिवा लाल झाला. पुन्हा टेकवली, पुन्हा लाल. चाळीस वर्षं सुई, दोरा, तापलेली इस्त्री... बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. "आठ दिवसांनी या," खिडकीमागची मुलगी म्हणाली, "तोवर हातांना काम नको, मलम चोळत राहा. तेव्हाही ठसे उमटले नाहीत, तर अर्ज परत जाईल." तेव्हापासून आत्याचा जीव टांगणीला लागला होता. तासातासाला ती बोटं उजेडात धरून पाहायची, आणि बोटं आपली गुळगुळीतच.

"तुम्हाला सोडून नाही चालले रे," ती कशीबशी म्हणाली. "एक शहर नुसतं बघून यायचंय."

"आणि हा दुसरा?"

दुसरा पासपोर्ट जुना होता, कडा पिवळ्या पडलेला. भाचा पानं उलटत गेला. सगळी कोरी. पहिल्या पानावर तरुण आत्या, आणि खाली तारीख... त्याचे आईवडील अपघातात गेले, त्याच्या महिनाभर आधीची. तो तेव्हा चार वर्षांचा होता. तो मटकन खाली बसला.

"तेव्हा कुठे जाणार होतीस?"

"तिथेच. कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं."

"मग?"

आत्याने मान खाली घातली. "तुला ताप होता."

ताप तीन दिवसांत उतरला होता. पण त्या पोरक्या लेकराने घट्ट धरलेलं आपलं बोट तिला काही सोडवून घेता आलं नव्हतं, आणि सव्वीस वर्षांत तिने त्याचा उच्चारही केला नव्हता. भाच्याने तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्या गुळगुळीत बोटांवर कपाळ टेकून तो हुंदके देऊ लागला. "शाळेच्या चड्डीपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं याच बोटांनी... आणि मी तुलाच जाब विचारतोय."

"वेडा कुठला. रडू नकोस, मलम पुसलं जाईल."

"मी येऊ तुझ्याबरोबर?"

तिचा चेहरा पडलेला त्याने पाहिला आणि डोळे पुसत तो म्हणाला, "बरं बाई, एकटीच जा."

उरलेले सहा दिवस घरात आत्याच्या बोटांचाच विषय. सूनबाईने मशीनला कुलूप घालून किल्ली पर्समध्ये ठेवली, भांड्यांना हात लावू दिला नाही. भाचा सकाळ-संध्याकाळ समोर बसून एकेक बोट मलमाने चोळायचा. आत्याला मात्र घास गोड लागत नव्हता.

आठव्या दिवशी डाव्या हाताला दिवा हिरवा झाला. उजव्या हाताला लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल... आत्याने डोळेच मिटून घेतले आणि चौथ्यांदा बोटं दाबली.

"झालं, मावशी," खिडकीमागची मुलगी म्हणाली.

ती वळली. दाराशी भाचा ताटकळत उभा होता. त्याच्या पांढऱ्या शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्याने, वेडंवाकडं टाचलेलं होतं. आत्याला सुई हातात घ्यावी लागू नये, म्हणून सकाळी त्याने स्वतःच लावलं होतं. आत्याचे डोळे भरून आले. बोटं सवयीने त्या बटणाकडे गेली, थबकली... आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाचं तरी वाकडं बटण तसंच राहू दिलं.