निहारचा गुरुवार

'मरीची' यानाच्या फिरत्या चाकात वृद्ध डॉक्टर अंबादास लोखंडे सुमेधाची वाट पाहत बसले होते. तिचा मुलगा निहार हवागळतीत गेला, हे आज त्यांना तिला चौथ्यांदा सांगायचं होतं.

प्रवास लांबचा. वर्षानुवर्षं तेच ते पाहून माणसं वेडी होतात, हे आधीच्या यानांनी शिकवलं होतं. म्हणून प्रत्येकानं आपला आठवडा आखायचा, दर वाराला एक विषय द्यायचा आणि झोपताना डोक्यावर 'स्मृतिटोप' चढवायचा. टोप प्रत्येक वाराचा एकच साचा जपे. साच्यात न बसणारं रात्रीत पुसलं जाई, आणि मनावर वर्षांचं ओझं साचत नसे.

सुमेधाचा सोमवार इंजिनाचा, मंगळवार दुरुस्तीचा, आणि गुरुवार निहारच्या अभ्यासाचा. निहार यानावरच जन्मला. वाढत्या हाडांना वजन हवं आणि यानात वजन फक्त फिरत्या चाकातच जाणवे, म्हणून तो तिथं डॉक्टरांपाशी राही. आई इंजिनाकडच्या तरंगत्या भागातून गुरुवारीच येई. पोर बोटभर वाढलं, तर टोप साचाही बोटभर सैल करी. मरण मात्र त्यात बसत नव्हतं. गेले तीन गुरुवार ती हसत आली, ऐकून कोसळली आणि शुक्रवारी सगळं विसरून कामाला लागली.

डॉक्टर टोप घालत नसत. कुणीतरी सगळं लक्षात ठेवायलाच हवं. त्यांनी फार विचार करून चार मऊ वाक्यं जुळवली होती. तिन्ही वेळा तीच वापरली.

आज ती आली, पण हसत नव्हती.

"सांगू नका, डॉक्टर. माहीत आहे मला."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "टोप काढून झोपलीस की काय?"

"छे! तुम्हीच पाठ करून घेतलंत की. तीच वाक्यं, तीच खुर्ची, तोच पाण्याचा पेला. तीनदा तसंच घडलं की टोप तो नवा साचा धरतो. टोप न घालताही हा नियम विसरलात? कमाल आहे तुमची!"

डॉक्टर खजील झाले. "चुकलंच माझं. यापुढे नाही सांगणार. साचा मोडेल."

"खबरदार! मोडला तर मी पुन्हा हसत येईन इथं. दुःख माझं आहे, राहू दे माझ्यापाशी."

ती बसली.

"एक विचारू? निहार होता कसा?"

डॉक्टरांच्या आता लक्षात आलं. वाराला साचा एकच. नवा धरला, तेव्हा टोपानं जुना टाकला. आणि तिचा सगळा निहार त्या जुन्या गुरुवारातच होता.

"फोटो पाहिले मी," ती म्हणाली. "गोड आहे मुलगा. पण ओळख पटत नाही."

डॉक्टर सांगू लागले. "अपूर्णांकांवरून तुझ्याशी भांडायचा. अर्ध्या पोळीपेक्षा दोन चतकोर जास्त, म्हणायचा. कारण ते दोन आहेत!"

"मग मी काय करायचे?"

"हसायचीस. आणि त्याला दोन चतकोर द्यायचीस."

"असं करायचे का मी!" शेजारच्या घरातली गोष्ट ऐकावी, तसं ती म्हणाली. मग उठली. "पुढच्या गुरुवारी हेही सांगा. अगदी असंच. शब्द बदलू नका."

डॉक्टरांनी मान हलवली. निहारच्या आणखी कितीतरी गोष्टी त्यांना आठवत होत्या. पण शब्द बदलले, की साचा धरणार नव्हता. त्यातली एकही आता तिला सांगता येणार नव्हती.